शून्य गुणिले आठ कोटी

"शून्य गुणिले आठ कोटी सत्तर हजार सहाशे त्रेचाळीस," अण्णा फोनवर म्हणाले. "आता शून्याला कशानेही गुणा, शून्यच येणार. मग एवढा लांबलचक आकडा लिहायचा कशाला?"

२०२४ च्या जानेवारीतला तिसरा आठवडा. मी पुण्यात, डब्याच्या पोळ्या फॉइलमध्ये गुंडाळत होते आणि फोन मान वाकडी करून खांद्यात धरला होता. अण्णा, माझे वडील, कराडला, खिडकीतल्या त्यांच्या टेबलाशी. चहा, पेपर, मग लॅपटॉप हा त्यांचा निवृत्तीनंतरचा क्रम. लॅपटॉपवर ते सोसायटीचा जमाखर्च ठेवतात, शिवाय एक मोठं काम हातात घेतलंय: नोकरीत ज्या ज्या गावांत मोजणी केली त्या गावांची यादी, प्रत्येक गावासमोर एखादी आठवण. अण्णा भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक होते. एकतीस वर्षं लोकांच्या शेतांच्या हद्दी दाखवण्यात गेली. लोकांच्या भाषेत, 'मोजणीवाले'.

मी विचारलं, "गुणिले कुठंय त्यात?"

"आहे की. शून्य, मग फुली, मग आठ शून्य शून्य सात..."

ती फुली म्हणजे एक्स. आकडा होता ०एक्स८००७०६४३. विंडोजच्या अपडेटच्या पानावर, केबी ५०३४४४१ नावाच्या सुरक्षा अपडेटसमोर, लाल अक्षरांत. खाली वाक्य: अपडेट बसवताना काही अडचणी आल्या, पण आम्ही नंतर पुन्हा प्रयत्न करू. या 'आम्ही'बद्दल अण्णांना फार कुतूहल. "हे आम्ही म्हणजे कोण? आपल्याकडे तर कुणी आलं नाही."

त्या वाक्यापाशी 'पुन्हा प्रयत्न करा' असं बटण होतं आणि अण्णा ते रोज दाबत होते. मशीन म्हणतंय प्रयत्न करा, तर करावा. चार दिवस त्यांनी मला सांगितलंच नाही. पाचव्या दिवशी फोन केला, तोही तक्रारीच्या सुरात नाही. चौकशी म्हणून.

मी आयटीत आहे. पण माझं काम पगारपत्रकाच्या सॉफ्टवेअरच्या चाचण्या घेणं. कुणाचा भत्ता दोनदा धरला गेला तर मी पकडते. कुणाचा लॅपटॉप का अडला हे मला तुमच्याइतकंच कळतं. हे घरी कुणाला पटत नाही. माझ्या मावशीचा टीव्हीसुद्धा माझ्या खात्यात येतो.

तर पुढच्या तीन रात्री मी तेच केलं जे सगळे करतात. अण्णांचा स्क्रीन माझ्याकडे घेतला आणि घरगुती औषधं सुरू केली. आधी बंद करून चालू. मग अपडेटचा ट्रबलशूटर, जो पाच मिनिटं फिरतो आणि काही बिघाड सापडला नाही किंवा सापडला तो दुरुस्त केला असं म्हणतो. दोन्हीनं फरक शून्य. मग अपडेटची सेवा थांबवून 'सॉफ्टवेअर डिस्ट्रिब्यूशन' या फोल्डरचं नाव बदलायचं, म्हणजे विंडोज नवं फोल्डर बनवतं आणि सगळं ताजं उतरवून घेतं. मग 'एसएफसी स्कॅननाऊ', जे विंडोजच्या स्वतःच्या फायली तपासतं. मग 'डिसम', जे त्या तपासणाऱ्यालाच लागणारा मूळ साठा दुरुस्त करतं. यातलं काहीच चूक नाही. सर्दीला हळद-दूधही चूक नाही. फक्त अण्णांना सर्दी झाली नव्हती.

प्रत्येक औषधानंतर अण्णा बटण दाबत आणि मी पुण्यात श्वास रोखून बघत बसे. टक्के चढत, थांबत, आणि पुन्हा आठ कोटी सत्तर हजार.

तिसऱ्या रात्री वैतागून मी तो आकडा फोडून बघायला घेतला. ही सोळाच्या पटीतली मोजणी असते. आपल्याकडे नवानंतर दहा येतात तिथे यांच्याकडे ए, बी, सी करत एफपर्यंत जायचं, म्हणजे पंधरापर्यंत, आणि मग पुढचं घर. हे अण्णांना कसं सांगावं या चिंतेत मी होते, तर ते म्हणाले, "म्हणजे साखळी आणि आणे."

"काय?"

"अगं, आमची साखळी ३३ फुटांची. तिचे आणे सोळा. पंधरा आणे झाले की पुढे सोळा आणे म्हणत नाही आपण, एक साखळी म्हणतो. तेच ना?"

तेच. जुन्या मोजणीतली एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद जमीन म्हणजे एक गुंठा, असले ४० गुंठे म्हणजे एकर. हा माणूस आयुष्यभर सोळाच्या घरातच राहिला होता आणि मी त्याला हेक्साडेसिमल शिकवायला निघाले होते. शेवटचे तीन आकडे, ६४३, त्यांनी कॅलेंडरच्या मागे स्वतः सोडवले. सहा गुणिले २५६ म्हणजे १५३६. चार गुणिले १६ म्हणजे ६४. वर तीन. एकूण १६०३. फोनवर मला पेन्सिल टेबलावर ठेवल्याचा आवाज आला.

"१६०३. याचा अर्थ काय?"

मी शोधून ठेवला होता. सॉफ्टवेअर बसवताना कुठलीही मोठी गडबड झाली की विंडोज जो सर्वसाधारण शेरा मारतं त्याचा हा क्रमांक. बसवताना घातक त्रुटी.

"म्हणजे एवढा हिशोब करून उत्तर काय, तर बसलं नाही."

"हो."

"हे तर मला लाल अक्षरांतच दिसत होतं," अण्णा म्हणाले, आणि झोपायला गेले.

खरी गोष्ट मला दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या बसमध्ये, मोबाइलवर त्या अपडेटची मदतीची पानं वाचताना कळली. हे अपडेट ९ जानेवारीला आलं. विंडोजची सुरक्षा अपडेट २००३ च्या ऑक्टोबरपासून महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतात, आपल्याकडे पोहोचेपर्यंत बुधवार उजाडतो. त्या महिन्याचं मुख्य अपडेट अण्णांकडे गुपचूप बसून गेलं होतं. हे वेगळं, छोटं. ते विंडोजसाठी नव्हतंच मुळी. ते होतं विंडोजच्या पाठीमागच्या एका खोलीसाठी.

जुन्या घरांत माजघराच्या मागे एक अंधारी खोली असायची. एरवी तिथे जुन्या ट्रंका, पण घरात बाळंतपण आलं की तीच खोली सगळ्यांत महत्त्वाची. विंडोजमध्ये तशी एक खोली असते. रिकव्हरी म्हणतात. डिस्कचा एक छोटा तुकडा तिच्यासाठी वेगळा काढलेला असतो, तो 'माय कॉम्प्युटर'मध्ये दिसतच नाही. विंडोज सुरूच होईनासं झालं की मशीन तुम्हाला या खोलीत आणतं आणि तिथून दुरुस्ती करता येते. या खोलीत एक भोक सापडलं होतं. लॅपटॉप ज्याच्या हातात पडला त्याला या मागच्या दारानं बिटलॉकरचं (म्हणजे डिस्कवरच्या मजकुराला लावायचं) कुलूप चुकवून आतला मजकूर वाचता येईल, असं. ते भोक बुजवायला खोलीतलं सामान बदलायचं होतं, नवं सामान मोठं होतं, आणि त्यासाठी खोलीत २५० एमबी मोकळी जागा हवी होती.

अण्णांच्या खोलीत ती नव्हती. आणि तिथे मला आठवलं की त्यांची जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी २०२१ च्या दिवाळीत मीच बसवली होती. सगळं जसंच्या तसं नव्या डिस्कवर उतरवताना सी ड्राइव्ह मीच ओढून ताणून शेवटच्या रेघेपर्यंत नेला होता, मागची खोली अगदी चिकटवून. तेव्हा मला त्याचा फार अभिमान वाटला होता. वाया काही घालवलं नाही!

त्याच पानावर आणखी एक कबुली होती. त्रुटी हाताळण्यातल्या चुकीमुळे आकडा भलताच दाखवला जातोय. खरं तर 'डिस्कवर जागा अपुरी' असा शेरा यायला हवा होता. हे वाचून मी बसमध्ये मोठ्यानं हसले, शेजारची मुलगी दचकली. 'जागा अपुरी' हे दोन शब्द दिसले असते तर अण्णांनी पहिल्याच दिवशी टेप काढली असती. त्याऐवजी त्यांना सांगितलं जात होतं, पुन्हा प्रयत्न करा. जगभर किती लोकांनी ते बटण दाबलं असेल कोण जाणे. प्रयत्नांत काही कमी नव्हतं. खोली लहान होती.

गंमत अजून संपली नाही. अण्णांच्या लॅपटॉपवर विंडोज १० ची होम आवृत्ती आहे आणि त्यावर बिटलॉकरचं कुलूप मुळात लावलेलंच नाही. लॅपटॉप चोरीला गेला तर चोर डिस्क काढून दुसऱ्या मशीनला जोडेल आणि चहा पीत सोसायटीचा जमाखर्च वाचेल. त्याला मागच्या खोलीच्या भोकाची गरज काय? दाराला कुलूपच नाही आणि आम्ही आठवडाभर कुलपाची लिव्हर बदलत होतो.

मी अण्णांना प्रामाणिकपणे हे सगळं सांगितलं. म्हटलं, हे अपडेट नाही बसलं तरी तुमचं काही बिघडत नाही. एक छोटं टूल असतं, त्यानं नको ते अपडेट लपवता येतं. लाल अक्षरं जातील.

"लपवायचं?"

"हो."

"म्हणजे प्रकरण निकाली निघालं का?"

मी गप्प.

"एकतीस वर्षांत मी मोजणीचं एक प्रकरण टेबलाखाली सारलं नाही. प्रलंबित ते प्रलंबित. तू संक्रांतीच्या हळदीकुंकवाला येतेयस ना? तेव्हा बघू."

स्वारगेटवरून मी पहाटेची गाडी धरली. बरोबर तिळाच्या वड्या आणि एक एक्स्टर्नल डिस्क. कात्रजचा घाट गेला तशी गाडीत ऊब आली, पण साताऱ्याच्या पुढे पुन्हा खिडकीतून गारठा घुसायला लागला. कराडला उतरले तेव्हा नऊ वाजले होते, आणि आई दारातच म्हणाली, "त्यांनी कालपासून टेबल आवरून ठेवलंय. डॉक्टर येणार असल्यासारखं."

पहिला दीड तास फक्त प्रत काढण्यात गेला. सोसायटीचे हिशोब, गावांची यादी, आईच्या पाककृतींचे फोटो, नातवंडांचे व्हिडिओ, सगळं एक्स्टर्नल डिस्कवर. यात घाई करू नये. पुढे जे करायचं त्यात 'पूर्ववत करा' नावाचं बटण नसतं.

मग आज्ञा टाइप करायची काळी खिडकी उघडली. मी 'रीएजंटसी, इन्फो' असं टाइप केलं. उत्तर आलं: खोली चालू आहे, डिस्क शून्य, पार्टिशन चार. मग 'डिस्कपार्ट', आणि त्यात पार्टिशनांची यादी मागितली. चार ओळी आल्या. एक: सिस्टम, १०० एमबी. दोन: राखीव, १६ एमबी. तीन: प्रायमरी, २३७ जीबी. चार: रिकव्हरी, ५०५ एमबी.

अण्णांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि स्क्रीनजवळ वाकले. इतका वेळ ते माझ्या शेजारी पाहुण्यासारखे बसले होते. आता त्यांनी खुर्ची ओढली.

"हे पोटहिस्से आहेत."

"हो अण्णा. पार्टिशन म्हणजे तेच."

"क्रम हाच आहे? म्हणजे जागेवर असेच आहेत, का नुसती यादी आहे?"

हा प्रश्न मी स्वतःला विचारला नव्हता. पण विचारायलाच हवा होता. कारण मोकळी केलेली जागा मागच्या खोलीला लागून हवी. तीन नंबरच्या शेवटाकडून २५० एमबी काढली आणि चार नंबर त्याच्या लगतच असेल तरच दोन्ही जोडता येतात. मध्ये तिसराच कुणी असला तर ती जागा असून नसल्यासारखी. मी दुसऱ्या खिडकीत डिस्क मॅनेजमेंटचं चित्र उघडलं, त्यात डब्बे ओळीनं दिसतात. सी आणि रिकव्हरी लागून होते. मीच तर चिकटवले होते.

"लगत आहे," अण्णा म्हणाले. "मग सोपं आहे. तीनचा बांध अलीकडे घ्यायचा."

बांध. अर्ध्या महाराष्ट्राची भाऊबंदकी या एका शब्दात आहे. दरवर्षी नांगराचा एक फाळ पलीकडे सरकवून बांध कोरणारे शेतकरी अण्णांनी शेकड्यांनी बघितले. वीतभर जमिनीसाठी तीस वर्षं तारखा, आणि शेवटी साखळी घेऊन भर उन्हात उभा राहणारा यांच्यासारखा माणूस, ज्याच्यावर दोन्ही बाजू नाराज. इथे मी २५० एमबीसाठी बांध सरकवणार होते आणि कुणी हरकत घेणार नव्हतं.

अण्णांनी विचारलं, "त्या चार नंबरातलं सामान कुठं जाणार?"

हाही बरोबर प्रश्न. 'रीएजंटसी, डिसेबल' म्हटलं की विंडोज मागच्या खोलीतली मुख्य पेटी उचलून सीमध्ये आणून ठेवतं. मग खोली पाडायची, मोठी बांधायची, आणि 'इनेबल' म्हटलं की पेटी परत तिथे. मी डिसेबल केलं. ऑपरेशन सक्सेसफुल. मग तीन नंबर निवडला आणि त्याला २५० नं आकसायला सांगितलं. दोनेक सेकंदांत उत्तर: २५० एमबीनं आकुंचन झालं.

"झालं?" अण्णा जरा निराशेनं म्हणाले. "सीनं काही म्हटलं नाही?"

"त्याच्याकडे २३७ जीबी आहेत अण्णा."

"असले म्हणून काय झालं. देणारे असलं म्हणून देत नाहीत." मग थोडं थांबून हसत, "हक्कसोड लिहून घेतलं का त्याच्याकडून?"

ते गमतीनं म्हणाले. आई स्वयंपाकघरात गूळ विरघळवत होती, तिच्या उलथन्याचा आवाज थांबला. आमच्या गावच्या जमिनीवरचं हक्कसोड पत्र माझ्या दोन्ही आत्यांनी लिहून दिलं तेव्हा मी शाळेत होते. त्या दिवशी घरात श्रीखंड होतं एवढं आठवतं, आणि दोघींना साड्या. तहसील कचेरीतून सगळे एकाच जीपमधून परत आले. धाकटी आत्या पुढच्या सीटवर बसली होती आणि उतरताना तिनं बोटाची शाई साडीच्या आतल्या बाजूला पुसली. २००५ साली कायद्यानं मुलींना वडिलोपार्जित जमिनीत मुलांइतकाच हिस्सा दिला, तोवर आमच्याकडचे फेरफार होऊन गेले होते. नंतरही घरोघरी कचेरीत जाऊन सह्या करणाऱ्या बहिणी अण्णांनी रोज बघितल्या. मोजणीच्या नकाशात बहिणी दिसत नाहीत, त्यांची हद्द नसते.

अण्णांच्या ते लक्षात आलं असावं. ते स्क्रीनकडे बघत राहिले. "पुढचं कर," म्हणाले.

पुढचं म्हणजे चार नंबर पुसणं. इथे माझ्या हाताला घाम सुटला. काळ्या खिडकीत 'सिलेक्ट पार्टिशन ४' लिहायचं आणि मग डिलीट. चारऐवजी चुकून तीन पडला तर अण्णांची एकतीस वर्षांची गावं गेली. प्रत काढली होती, तरी. मी चार टाइप केला. अण्णांनी बोट स्क्रीनला टेकवून मोठ्यानं वाचलं, "चार." मी म्हटलं, "चार." ते म्हणाले, "पुन्हा यादी काढ. निवडलेल्यापुढे खूण असते ना?" असते. चांदणी. चारच्या पुढे होती.

डिलीटच्या पुढे 'ओव्हरराइड' असा शब्द जोडावा लागतो, कारण तो हिस्सा विंडोजनं संरक्षित म्हणून राखलेला असतो. अण्णांना अर्थ सांगितला तर म्हणाले, "म्हणजे हरकत नोंदवलीय, पण आदेश वरून आहे." मी एंटर दाबलं आणि नेमकी लाइट गेली.

पंखा थांबला. फ्रिजचा घुर्र आवाज थांबला. अण्णांच्या लॅपटॉपची बॅटरी वय झाल्यामुळे दहा मिनिटं टिकते, तीही आई रिमोटच्या सेलसारखी मनातल्या मनात मोजते. कोपऱ्यात बॅटरीचं चित्र पिवळं होतं. लॅपटॉपला त्या क्षणी मागची खोली नव्हती. जुनी पाडलेली, नवी बांधलेली नाही. काही झालं असतं तर आत जायला वाट नव्हती.

नवी खोली बांधायला बत्तीस आकडे-अक्षरांची एक ओळख टाइप करावी लागते. डीई९४बीबीए४ पासून सुरू होते आणि पुढे तशीच. तीवरून विंडोजला कळतं की ही रिकव्हरीची खोली आहे, साधी नाही. मोबाइलवर ती माझ्यासमोर होती. मी मोबाइल अण्णांच्या हातात दिला. "वाचा. हळू." आणि त्यांनी ती ज्या आवाजात वाचली तो आवाज मी लहानपणी ऐकला होता, सुट्टीत त्यांच्याबरोबर मोजणीला गेले होते तेव्हा. बांधावर उभं राहून ते आकडे पुकारायचे आणि पलीकडे शिपाई तेच परत ओरडायचा, म्हणजे वाऱ्यात काही हरवू नये. ते वाचत, मी टाइप करून परत म्हणे. डी. डी. ई. ई. नऊ. नऊ. बत्तीस वेळा. मग एक गुणधर्मांचा आकडा, त्यात नुसती शून्यंच शून्यं. आठच्या पुढे चौदा, शेवटी एक. "चौदा मोजली का?" त्यांनी विचारलं. मी पुन्हा मोजली.

फॉरमॅट. यादी. नवी चार नंबर: ७५५ एमबी. 'रीएजंटसी, इनेबल.' ऑपरेशन सक्सेसफुल.

बॅटरीचं चित्र लाल झालं होतं. लाइट आली ती मग, नेहमीसारखी, गरज संपल्यावर.

बटण मात्र मी दाबलं नाही. ते अण्णांनी दाबायचं होतं. त्यांनी चष्मा खाली घेतला, हात पुसले आणि 'पुन्हा प्रयत्न करा' दाबलं. टक्के चढले. वीस. तिथे थोडं थांबले, तिथेच ते रोज थांबायचे. मग शंभर. लाल अक्षरं गेली, हिरवी खूण आली. अण्णा काही बोलले नाहीत. उठून तिळाची वडी घेतली, माझ्या हातावर ठेवली, म्हणाले, "घे. गोड बोल."

मी हे सगळं ऑफिसमधल्या एकाला सांगितलं तर तो म्हणाला, नसलेल्या कुलपासाठी एवढा खटाटोप? प्रश्न रास्त आहे. उत्तर म्हणून मला न्हावा-शेवा बंदर आठवतं. २०१७ च्या १४ मार्चला विंडोजमधल्या एका भोकाचं ठिगळ आलं. बसवलं तर दहा मिनिटांचं काम. लाखो लोकांनी 'नंतर आठवण करा' दाबलं. १२ मेला वॉनाक्राय नावाचा व्हायरस त्याच भोकातून शिरला आणि ब्रिटनमधल्या सरकारी रुग्णालयांना रुग्ण परत पाठवावे लागले. हे होऊनही पुष्कळांनी बसवलं नाहीच. २७ जूनला नॉटपेट्या हा दुसरा व्हायरस आला, तोही त्याच भोकाचा उपयोग करत, आणि त्यात न्हावा-शेव्याचं एक टर्मिनल ठप्प झालं, कारण ते चालवणारा समूह जगभर एकाच वेळी आडवा झाला होता. त्यांनी नंतर ४,००० सर्व्हर आणि ४५,००० कॉम्प्युटर नव्यानं उभे केले. कुठल्याशा कचेरीत कुणीतरी न बसवलेल्या ठिगळाची गोष्ट उरणच्या खाडीपर्यंत येते ती अशी.

पण ही गोष्ट अर्धीच सांगितली तर खोटी होईल. नॉटपेट्या मुळात पसरला तो युक्रेनमधल्या एका हिशोबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून. लोकांनी शहाण्यासारखं अपडेट केलं, आणि त्यातूनच तो घरात आला. त्यामुळे 'अपडेट करा, सुखी राहा' असं मी कुणाला छातीठोकपणे सांगत नाही.

२०२४ च्या १९ जुलैला अण्णांचा पुन्हा फोन आला. टीव्हीवर बातमी होती: क्राउडस्ट्राइक नावाच्या सुरक्षा सॉफ्टवेअरच्या सदोष अपडेटनं जगभर विंडोजची मशीनं निळी पडली आहेत, विमानतळांवर बोर्डिंग पास हातानं लिहून देतायत. पुढे आकडा आला तो ८५ लाख मशीनांचा.

"आपलं ठीक आहे का?"

"ठीक आहे अण्णा. ते सॉफ्टवेअर मोठ्या कंपन्यांकडे असतं. तुमच्याकडे नाही."

"मग ते लोक दुरुस्त कसे करतायत? सुरूच होत नाही म्हणतात."

"एकेका मशीनपाशी जाऊन. मागच्या खोलीत शिरायचं आणि तिथून ती बिघडलेली फाइल हातानं काढायची."

पलीकडे बराच वेळ शांतता. "आपली ७५५ ची आहे," अण्णा म्हणाले, आणि फोन ठेवला.

त्या दिवाळीत कराडला गेले तेव्हा त्यांच्या टेबलाच्या काचेखाली एक आलेख कागद दिसला. पेन्सिलनं आखलेला, हद्दी शाईनं पक्क्या केलेल्या. वर ठळक अक्षरांत 'डिस्क शून्य'. प्रमाण दिलेलं: एक सेंटिमीटर म्हणजे इतके जीबी, पण त्या प्रमाणात मागची खोली दिसेना म्हणून ती बाजूला वेगळी, मोठी करून काढलेली, जशी गावठाणाची काढतात. चार पोटहिस्से. प्रत्येकाचं क्षेत्र. तीन आणि चारमधल्या जुन्या हद्दीची तुटक रेघ, नव्या हद्दीची सलग. खाली मोजणीची तारीख, हळदीकुंकवाच्या दिवसाची. 'मोजणीवेळी वीजपुरवठा खंडित' असा शेरा. मग 'समक्ष हजर' असं लिहून त्यांची स्वतःची सही, नोकरीत करायचे तशी, शेवटच्या अक्षराला लांब शेपटी असलेली.

तिच्याखाली आणखी एक रेघ मोकळी ठेवली होती. रेघेखाली 'लगत खातेदार', आणि पुढे माझं नाव. लग्नाआधीचं.

मी पेन मागितलं. काच उचलायला त्यांनी मदत केली, कारण ती एका बाजूनं तडकलेली आहे. मी सही केली, तारीख त्यांनी घातली.